सेनापतीची पन्नास पावलं

आमच्या वाशीमच्या सेनापतीनं आयुष्यात एकही लढाई पाहिली नव्हती. तो जंगलखात्यात नाकेदार होता, आणि नाक्यावर लाकडाच्या गाड्या अडवण्यापलीकडे त्यानं कुणावर चाल केल्याचं ऐकिवात नाही. पेन्शन घेऊन गावी आला, स्टेशनापलीकडच्या पडीक जागेत त्यानं तिरंदाजीचा आखाडा काढला, डोक्याला केशरी पटका बांधला, आणि गावानं टिंगलीनं त्याला सेनापती म्हणायला सुरुवात केली. त्याला त्यात टिंगल कधी दिसली नाही. ‘सेनापती’ अशी हाक आली की तो छाती काढून वळायचा.

मेळघाटात असताना आपण एका बाणात रानडुक्कर पाडलं, असं तो सांगे. मी मोजणी खात्यातला माणूस. ऐकलेला आकडा माझ्या डोक्यातून जात नाही. पहिल्या वर्षी ते डुक्कर साठ पावलांवर होतं. दुसऱ्या वर्षी ऐंशीवर गेलं. चौथ्या वर्षी ते एकशे दहा पावलांवर होतं, शिवाय पळत होतं, शिवाय अंधार पडत आला होता. मी एकदा विचारलं, “सेनापती, ते डुक्कर मेलं होतं ना? दरसाल लांब जाऊन राह्यलं.”

“तुमी कागदावरचे माणसं, बापू,” तो म्हणाला. “जनावर कागदावर नाई पडत.”

त्याचा स्वतःचा नेम मी पाच रविवार लागोपाठ पाहिला. चाळीस बाणांपैकी सात निशाणाच्या गवती भाऱ्यात, बाकीचे शेजारच्या तुरीत. ते शोधून आणायचे करीमभाईनं. करीमभाई बांबूचे बाण करणारा कारागीर. आखाड्याचं खरं काम तोच बघत असे. बाण चुकला की सेनापती पाठ फिरवून उभा राही. “सोडला बाण, का त्याच्या मांगं नाई पाहाचं,” असं तो पोरांना शिकवी. त्याच्यासारख्या नेमबाजाला ही शिकवण फार सोयीची होती.

पण मला सर्वांत राग होता तो त्याच्या पावलांचा. आखाड्यात घ्यायचं तर पन्नास पावलांवरून पाचपैकी तीन बाण भाऱ्यात बसले पाहिजेत, हा नियम. आणि ती पन्नास पावलं दर वेळी सेनापतीनं स्वतः टाकायची, हाही नियम. दोरी नाही, खुंटी नाही. तो भाऱ्यापासून मोठ्यानं मोजत निघे, थांबेल तिथं करीमभाई चुन्याची रेघ मारी. माझं पाऊल अडीच फुटांचं, साखळीवर तपासलेलं आहे. त्याची पन्नास पावलं मी चालून पाहिली, तर एकदा शेहेचाळीस भरली, एकदा त्रेपन्न, आणि एकदा जेवण झाल्यावर एकेचाळीस. मी हे चारचौघांत सांगे. लोक हसत. सेनापती म्हणे, “आखाड्यात माह्येच पाय चालतात.”

अशा माणसाच्या आखाड्यात जायचं वेड माझ्या वेणूनं घेतलं. ती तेव्हा अकरा वर्षांची होती. पुढच्या वर्षी तिचं लग्न करायचं घरात ठरलं होतं, म्हणजे तीरकमठा हातात धरायला तिच्याजवळ एवढंच वर्ष होतं. आखाड्यातली मुलं दसऱ्याला रांगेत उभी राहून गावासमोर बाण सोडत. त्या रांगेत तिला उभं राहायचं होतं. घरामागं आंब्याच्या बुंध्यावर तिनं सहा महिने सराव केला. तिची आई मला म्हणाली, “पोरीची जात, लोकं हासतीन.” मी सेनापतीला विचारलं. वाटलं होतं तो नाही म्हणेल, म्हणजे आयतीच सुटका. तो म्हणाला, “भारा पुसते का, पोरगी हाय का पोरगा? आना रविवारी.”

पौषातला रविवार होता. वेणूनं भाकरी आणि वांग्याची भाजी फडक्यात स्वतः बांधून घेतली आणि वाटभर माझ्यापुढं चालली. मैदानावर पंधरा-वीस मंडळी उन्हात बसली होती. सेनापतीनं तिच्या दंडाला हात लावून पाहिला. “चिपाडच हाय हे तं,” म्हणाला, आणि भाऱ्यापासून पावलं टाकायला निघाला. एक, दोन, तीन. आवाज नेहमीसारखा खणखणीत होता. पन्नासाला थांबला. रेघ पडली.

पहिला बाण अलीकडेच पडला. दुसरा बसला. तिसरा वरून गेला. चौथा बसला. पाचव्याला तिनं बराच वेळ घेतला, आणि तोही बसला. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. वेणू माझ्याकडे बघत होती. तसा चेहरा मी तिचा लग्नातही पाहिला नाही.

“पोरगी आखाड्याची झाली,” सेनापती म्हणाला.

“थांबा,” मी म्हणालो. रेघ मला जवळ वाटत होती. मी रेघेवरून भाऱ्याकडे चालत गेलो. माझी पावलं भरली चौतीस. मी परत मोजत आलो. चौतीसच. चार वर्षं मी हेच सांगत होतो, आणि आज तो सर्वांसमोर सापडला होता. मी आकडा मोठ्यानं सांगितला.

करीमभाई हळूच म्हणाला, “साहब, जाने दो ना. बच्ची है.”

सेनापती माझ्याजवळ आला. “बापू, तुमी पोरीचे बाप हाये का मोजणीदार?”

“दोन्ही.”

“मंग मोजणीदाराले घरी ठेवून याचं होतं.”

मी ऐकलं नाही. माझ्या मुलीला लबाडीनं मिळालेली जागा नको, असं म्हणालो आणि माझ्या पन्नास पावलांवर नवी रेघ मारायला लावली. इतक्या लोकांत आकडा बोलला गेल्यावर सेनापतीला मला अडवायला जागाच उरली नव्हती. वेणूनं तिथून पाच बाण सोडले. चार जमिनीत गेले. एक भाऱ्याच्या कडेला घासून पडला. तिनं तीरकमठा करीमभाईच्या हातात दिला, सेनापतीला “येतो काका” म्हणाली आणि घरच्या वाटेला लागली. भाकरीचं फडकं मी तसंच परत आणलं.

त्यानंतर आखाड्यात दोरी आली. माझ्या सांगण्यावरूनच आली, आणि मोजणी चोख होऊ लागली. सेनापती काही दिवस पटका बांधून कडेला बसे. मग येईनासा झाला. पुढं तो पोहरादेवीकडे पुतण्याकडे राहायला गेला आणि तिकडेच वारला. त्याच्या माघारी दोन वर्षांत आखाडा मोडला. दोरी धरायला माणसं होती. पोरांना हाका मारून मैदानावर आणणारं कुणी नव्हतं. तो बढाईखोर होता, त्याला नेम नव्हता, त्याच्या पावलांचा भरवसा नव्हता. हे माझं मत आजही बदललेलं नाही. पण चौतीस म्हणजे चौतीस. जेवण झाल्यावरसुद्धा त्याची पावलं इतकी आखूड कधी पडली नव्हती, हे माझ्याच आकड्यांवरून मला कळायला बारा वर्षं लागली.

गेल्या दिवाळीत वेणू तिच्या मुलाला घेऊन माहेरी आली होती. मी तिला सांगितलं, की सेनापतीनं त्या दिवशी तुझ्यासाठी मुद्दाम अंतर कमी केलं असावं.

“मले मालूम हाय, बाबा,” ती मुलाच्या सदऱ्याला गुंडी लावत म्हणाली. “काका पावलं टाकून राह्यले होते, तवाच समजलं होतं.”

“मंग काहून नाही बोलली?”

“मले एक दसरा पायजे होता.”