पिवळ्या दिव्यांचं खरं कारण

पानिपतचा रस्ता त्या दिवशी बंद नव्हता.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, आणि ज्यांना सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं त्या सासऱ्यांना तर नाहीच. गेल्या हिवाळ्यात मी गाडीला पिवळे फॉगलॅम्प बसवून घेतले, तेव्हा आमच्या नोएडाच्या सोसायटीत ज्याने त्याने आपापले तर्क केले. कुणी म्हणालं, पन्नाशी आली की पुरुषाला असं काहीतरी होतं. कुणी म्हणालं, मुलीचा हट्ट असणार. खरं कारण मला एकट्याला ठाऊक होतं आणि ते सांगण्यासारखं नव्हतं.

सासऱ्यांना मी बाबाच म्हणतो. ते अमरावतीचे. सगळी नोकरी लाल बसवर कंडक्टर म्हणून झाली. आवाज असा, की शेवटच्या सीटवर झोपलेला उतारू आपलं गाव आल्यावर दचकून उठावा. त्यांची जुनी इच्छा होती, काला अंब बघायची. पानिपतची लढाई जिथे झाली ती जागा. इतिहासाचं वेड वगैरे त्यांना नव्हतं. त्यांचं म्हणणं साधं होतं: "आपल्याकडं पोरगं नापास झालं तरी पानिपत, लग्नात जेवण कमी पडलं तरी पानिपत. रोज ज्या गावाचं नाव घेतो ते एकदा पायाखालून जाऊ द्या ना बाप्पा."

मुलगी लहान असताना एका संक्रांतीला ते आमच्याकडे आले होते. मुलीला ताप होता म्हणून बायको घरी थांबली आणि आम्ही दोघंच सकाळी निघालो. "धुकं फार आहे, जमेल ना?" बायकोने दारातून विचारलं. मी बाबांच्या देखत म्हणालो, "दिल्लीत राहून धुक्याला घाबरायचं म्हणजे अमरावतीत राहून उन्हाला घाबरायचं!" बाबा खूश झाले. "बरोबर बोलले जावईबापू!"

वाटेत मुरथलच्या धाब्यावर लोण्याचे गोळे घालून पराठे खाल्ले. बाबा मागच्या सीटवर शाल ओढून आडवे झाले आणि मिनिटात घोरायला लागले. थोडं पुढे गेलो आणि धुकं असं उतरलं, की मला माझ्याच गाडीचं बॉनेट दिसेना. एका ट्रकच्या मागच्या लाल दिव्याच्या भरवशावर मी चाललो होतो. तो ट्रक एका धाब्याकडे वळला आणि माझ्यापुढे काही उरलंच नाही. नुसतं पांढरं. मागून कुठूनतरी हॉर्न वाजत होते, ते किती जवळ आहेत कळत नव्हतं. गाडी कडेला घेतली. स्टिअरिंग सोडून दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो. मग दुभाजकात पहिली फट दिसली तिथून गाडी वळवली आणि दिल्लीची वाट धरली.

बाबांना जाग आली तेव्हा धुकं विरळ झालं होतं. "आलं का जी पानिपत?"

"पुढे पोलिसांनी रस्ता बंद केलाय, बाबा. सगळ्यांना परत पाठवतायत."

हे वाक्य मी जुळवलं नव्हतं. ते आयतं तोंडात आलं. आणि मी पडलो जावई. त्या घरात जावयाला एकच प्रश्न विचारतात, अजून वाढू का? बाबा म्हणाले, "बरं केलं वळवली. जीव राहिला तर पानिपतं पन्नास." मग शालीच्या टोकाने खिडकीची काच पुसून ते बाहेर बघत बसले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

एवढ्यावर थांबलं असतं तर कदाचित मी विसरलोही असतो. पण बाबांना ती गोष्ट आवडली. अमरावतीला परत गेल्यावर त्यांनी ती नातेवाइकांत सांगायला सुरुवात केली आणि प्रत्येक लग्नात ती थोडी वाढत गेली. आधी एक हवालदार होता. मग बॅरिकेड आले. मग एक मोठा साहेब जीपमधून उतरला. माझ्या मेहुणीच्या मुलाच्या मुंजीपर्यंत तो साहेब आमच्या गाडीपाशी येऊन "आप मराठा लोग? महाराष्ट्र से?" असं विचारून चक्क सॅल्यूट ठोकत होता. आणि दर वेळी शेवटी बाबा माझ्याकडे हात करायचे: "विचारा ना यांना. हे होते सोबत." मी होतो सोबत. मी मान हलवायचो आणि जिलबीकडे बघायचो.

त्यानंतर किती हिवाळे गेले. दर वर्षी मी कारणं काढली. ऑफिसात बजेटचं काम, गाडीचं सर्व्हिसिंग, मुलीची परीक्षा. गेल्या हिवाळ्यात मात्र बाबांचा थेट फोन आला. गुडघे आता कुरकुरायला लागलेत, म्हणाले, पुढल्या वर्षीचं काही सांगता येत नाही. "संक्रांतीला येऊन राहिलो. पोलिसांना सांगून ठेवा!"

त्याच आठवड्यात मी घरी जाहीर केलं, की गाडीला फॉगलॅम्प लावायचे. बंपरमध्ये खाली बसतात, समोरचा रस्ता जवळून दाखवतात ते.

"तुम्ही?" बायको म्हणाली. "साधं सीटकव्हर बदलायला तुम्हाला चार वर्षं लागली."

मुलगी आता कॉलेजात आहे. तिने लगेच मोका साधला. "पप्पा, करतोच आहोत तर डीआरएलचे दिवे पण घेऊ ना यार. दिवसापण चालू राहतात. एकदम नवी गाडी वाटेल."

करोलबागच्या गाडी-बाजारात आम्ही तिघं गेलो. दुकानदार गळ्यात मफलर आणि हातात रिमोट घेऊन उभा होता. त्याने बटण दाबलं आणि भिंतीवरच्या नमुन्यांत पांढऱ्या उजेडाची एक रेघ सरसरत गेली, परत आली, मग वळायच्या खुणेसाठी केशरी होऊन धावली. मुलगी टाळ्या वाजवायचीच बाकी होती.

"मॅडम, ये लाइट देख के सामनेवाला खुद रास्ता दे देगा."

"भैया, रास्ता देना नहीं है," बायको म्हणाली, "रास्ता दिखना चाहिए."

फॉगलॅम्पची वेळ आली तेव्हा त्याने पांढरे काढले. मॉडर्न लुक, म्हणाला. मुलगीही त्याच्याच बाजूची. "पिवळे खूप अंकल-टाइप दिसतात, पप्पा."

"पिवळेच," मी म्हणालो. जरा जोरातच बोललो असेन, कारण तिघंही माझ्याकडे बघायला लागले. मला ते पांढरं आठवलं होतं. त्यात आणखी पांढरं ओतायला मी तयार नव्हतो.

"बिल्कुल सर," दुकानदार म्हणाला, "गुस्सा क्यों होते हो, पीला ही लगाएँगे. पीला तो सोना है."

गाडी सोसायटीत आली तेव्हा ती लग्नाला निघाल्यासारखी दिसत होती. चावीचं बटण दाबलं की पुढची उजेडाची पट्टी मधून कडांकडे उमलायची. शेजारचे गुप्ताजी रोज विचारायचे, "भाईसाहब, बारात कब है?" मी वरवर ओशाळायचो. खरं सांगतो, एकटा असलो की मी कारण नसताना दोनदा दोनदा बटण दाबायचो. आयुष्यभर साधेपणाचा आव आणला, पण मला ते सगळं भलतंच आवडलं होतं.

बाबा आले. बेसमेंटच्या पार्किंगमध्ये त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. "काऊन हो, गणपती बसवाचा आहे का हिच्यात?"

मग त्यांनी फॉगलॅम्प लावायला सांगितले, समोरच्या भिंतीवर पडलेला उजेड पाहिला आणि नाक मुरडलं. "हे तं समोरच्याच्या डोळ्यात चाललं. खाली घ्या." मी स्क्रूड्रायव्हर घेऊन बंपरपाशी उकिडवा बसलो आणि बाबा भिंतीजवळ काठी टेकून उभे राहिले. डेपोत बस मागे घेताना उभे राहत तसेच. "येऊ द्या... येऊ द्या... डावीकडचा जरा... येऊ द्या... बस्स!" सगळा बेसमेंट घुमला. वॉचमन धावत आला. मुलगी मोबाइलवर शूटिंग करताना हसून खाली बसली.

संक्रांतीच्या सकाळी चौघं निघालो. बाबा माझ्या शेजारी, कानटोपी घालून. मागे बायकोच्या मांडीवर तिळगुळाचा डबा, काला अंबला भेटणाऱ्या मराठी माणसांना वाटण्यासाठी. मुरथल गेलं आणि मी ज्याची वाट बघत होतो ते आलंच. पण या वेळी पिवळ्या उजेडात रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ दिसत होती. मी तिला धरून चाललो होतो. बरंच अंतर जमलं. मग रेघही गेली.

मी गाडी कडेला थांबवली. आणि का कोण जाणे, या वेळी मी हात मांड्यांखाली दडवले नाहीत.

"बाबा, मला काही दिसत नाहीये. भीती वाटतेय मला."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्या बाजूची काच पूर्ण खाली केली. थंडी भस्सकन आत आली.

"मंग मी कायले बसलो इथं? पान खायले?" त्यांनी कानटोपीसकट डोकं बाहेर काढलं आणि हात दाराच्या पत्र्यावर ठेवला. "ऐका. दोन थापा म्हणजे चला. एक म्हणजे थांबा. माझ्या डायवरले कधी काही दिसत नव्हतं. चष्म्याचा नंबर लपवून नोकरी केली त्यानं!"

धप-धप. मी गाडी हलवली. कासवाच्या चालीने निघालो. धप-धप. डावीकडची रेघ त्यांना दिसत होती, मला ते दिसत होते. मागून मुलगी तोंडाने "टिंग-टिंग" करायला लागली, मग बायकोही, तिळगुळाच्या डब्यावर बोटं वाजवत. अचानक एकच थाप पडली. धप्! मी ब्रेक दाबला. पिवळ्या उजेडात, हाताच्या अंतरावर म्हणावं इतकी जवळ, उसाने भरलेली ट्रॉली उभी होती. तिला मागे एकही दिवा नव्हता.

"दिसून राहिली का?" बाबा म्हणाले.

"दिसली."

"मंग बाजूनं काढा. घाई नाही. पानिपत कुठं पळून नाही चाललं."

मला हसू फुटलं. बरंच मोठं हसलो मी, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि सगळ्यांना वाटलं ट्रॉलीपासून वाचलो म्हणून. तसं नव्हतं. त्या वर्षी मागच्या सीटवर हाच माणूस झोपला होता. उठवून एवढं एक वाक्य बोललो असतो, तर पिवळे दिवे नसतानाही आम्ही पोचलो असतो.

काला अंबला पोचलो तोवर ऊन पडलं होतं. सांगली-कोल्हापूरकडची मंडळी भगवे फेटे बांधून आली होती. बाबा विटांच्या स्तंभापुढे उभे राहिले, चपला काढल्या, वाकायला जमेना म्हणून मला माती उचलून द्यायला सांगितली आणि ती कपाळाला लावली. मग म्हणाले, "झालं. आता पानिपत झालं म्हणायले आपण मोकळे."

बायको तिळगूळ वाटायला लागली. बाबांनी एका फेटेवाल्याला पकडलं होतं. मला लांबूनच ऐकू आलं, "आम्ही मागं एकदा आलो होतो ना, पार इथपावेतो! पण धुकं! पोलिसांचा साहेब जीपमधून उतरला, आमचं नाव-गाव इचारलं, आणि असा सॅल्यूट मारला! इचारा आमच्या जावईबापूंले."

तो माणूस माझ्याकडे आदराने बघत होता. बाबाही बघत होते, कपाळाला माती, चेहरा असा उजळलेला, की आमच्या गाडीची सगळी रोषणाई त्यापुढे फिकी पडावी.

"हो," मी म्हणालो. "कडक सॅल्यूट होता."

परतीच्या वाटेवर ऊन लख्ख होतं, तरी मुलीने मला दिवे बंद करू दिले नाहीत. बाबा खिडकीतून हात बाहेर काढून उगाचच दाराच्या पत्र्यावर दोन थापा मारत होते आणि मी प्रत्येक थापेला थोडा वेग वाढवत होतो.

त्या वर्षी रस्ता उघडा होता. कुणी अडवलं नव्हतं, कुणी सॅल्यूट मारला नव्हता, मी घाबरलो होतो. हे अमरावतीला जाऊन, बाबांच्या समोर बसून सांगणं माझ्याकडून अजून राहिलं आहे.