फळ्याचा उजवा कोपरा

बोरुडे सरांचा तास संपला की फळा पुसायचा, पण उजवीकडचा वरचा कोपरा सोडून. वीतभर जागा. खडूनं आखलेली चौकट आणि चौकटीत सरांना न आलेले शब्द. पोरांना न आलेले नव्हेत हो, खुद्द सरांना! कर्जत तालुक्यातल्या त्या शाळेत मी एकाहत्तर साली गणित शिकवायला रुजू झाले आणि पहिल्याच दिवशी सगळा फळा लख्ख करून मोकळी झाले. मागं वळून बघते तर सर दारात उभे. म्हणाले, "बाई, तुमचं गणित चुकलं तर खुशाल पुसा. माझं अज्ञान कशाला पुसता?"

मी नगरची, बावीस वर्षांची आणि तोंडानं फटकळ. मनात म्हटलं, काय विक्षिप्त माणूस आहे! इंग्रजीचा मास्तर आणि आपल्याला काय येत नाही ते चारचौघांत मांडून बसलाय. सर सोनईकडच्या शेतकरी घरातले. पांढरा पायजमा, काळी टोपी आणि खडूनं उजवा खिसा पांढरा झालेला कोट. वर्गात बोलणं अगदी पुस्तकी, पण मनापासून काही सांगायचं असलं की गावाकडची बोली यायची. "न्हाई माहीत म्हनायला जीभ लई जड हुती, बाई. रोज सराव केला की हलकी व्हती." हे त्यांचं नेहमीचं वाक्य. उत्तर शोधायला ते शनिवारी एसटीनं नगरला वाचनालयात जायचे. सापडलं की वर्गाला सांगायचे, आणि ज्यानं शंका विचारली त्यालाच तो शब्द पुसायला लावायचे. पोरं तो मान मिरवायची.

त्या वर्षी नववीतल्या कौसल्येनं कुठल्याशा मासिकातून पत्ता मिळवून अमेरिकेतल्या एका मुलीशी पत्रमैत्री केली. पहिलं पत्र आलं तेव्हा सगळी शाळा त्या तिकिटाला हात लावून आली. पत्रात त्या मुलीनं लिहिलं होतं की माझा थोरला भाऊ फार 'कूल' आहे. कौसल्येनं कोश पाहिला आणि रडवेल्या तोंडानं सरांकडं आली. "सर, तिचा भाऊ थंड हाय म्हंजी? वारला का काय? मी काय लिवू तिला?"

मला हसू आवरेना. सर मात्र हसले नाहीत. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, आपला जुना, बांधणी सुटलेला कोश चाळला आणि म्हणाले, "वारला नसावा, पुढं तो गिटार वाजवतोय. पण कूल म्हणजे काय, ते मला माहीत नाही." आणि चौकटीत तो शब्द लिहिला. पुढं प्रश्नचिन्ह.

मग सरांचा ध्यासच झाला तो. कौसल्येला आलेल्या पुढच्या पत्रांत तो शब्द पावलोपावली यायला लागला. आई माझ्यावर रुसून दोन दिवस कूल वागली. तुला उत्तराला उशीर झाला तरी कूल. वडिलांनी काल आपलं कूल घालवलं. सर एकेक अर्थ वहीत उतरवायचे. "म्हणजे राग आला की हे हरवतं. तर मग ते आधी जवळ असलं पाहिजे. तुमच्याजवळ काही दिसत नाही, बाई!" मी खडू फेकून मारायचीच बाकी होते. एकदा तर नगरच्या स्टँडवर शिर्डीला निघालेला एक लांब केसांचा गोरा त्यांना भेटला. सरांनी त्यालाच गाठलं, सगळी हकीकत सांगितली आणि अर्थ विचारला. तो खूश होऊन हसला, पाठीवर थाप मारून म्हणाला, "कूल!" आणि गाडीत चढला. सर दुसऱ्या दिवशी म्हणाले, "बाई, घोटाळा वाढला." हळूहळू पाच अर्थ लागले. पण तो भाऊ कूल म्हणजे नेमका कसा, ते काही उमगेना. देखणा म्हणावं तर तसं नाही, हुशार म्हणावं तर परीक्षेत नापास. शब्द वर्षभर चौकटीत राहिला.

अशात हेडमास्तर निवृत्त झाले. सर सगळ्यांत जुने, नोकरीची दोन वर्षं उरलेली. जागा मिळाली तर आत्ताच. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, हौदावर भेटल्या की हळूच विचारायच्या, "व्हईल ना गं बाई औंदा? त्यांनी तोंडानं कदी मागितलं न्हाई, पन मनात लई हाय." संस्थेनं ठरवलं, तपासणीला येणाऱ्या साहेबांचा शेरा पाहून नेमणूक करू. साहेब इंग्रजीचे आणि तिखट स्वभावाचे.

तपासणीच्या दिवशी मी घंटेच्या आधी वर्गात गेले. कोपऱ्यात तो शब्द तसाच. मला वाटलं, साहेब म्हणतील, याला इंग्रजी येत नाही! मी डस्टर घेतलं आणि कोपरा पुसून टाकला. सरांच्या भल्यासाठीच पुसला, शपथ.

साहेब आले, मागच्या बाकावर बसले. मी त्यांच्या दिमतीला म्हणून शेजारी. सर फळ्याकडं वळले आणि थांबले. रिकाम्या कोपऱ्याकडं बघत राहिले. मग खडू घेतला, चौकट आखली आणि तो शब्द पुन्हा लिहिला, प्रश्नचिन्हासकट.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, हे आम्हाला अजून माहीत नाही."

"ही रस्त्यावरची भाषा आहे. शाळेत कशाला? पुसा ते."

"ज्यानं विचारलं त्याला समजलं की पुसायचं, असा वर्गाचा रिवाज आहे," सर हात जोडून म्हणाले. "आपल्याला ठाऊक असेल तर सांगावं. कौसल्या आत्ता पुसेल."

अहो, त्यात खोच नव्हती, खरंच विचारत होते! पण साहेबांना उत्तर येईना. त्यांचे कान लाल झाले. त्यांनी वही मिटली.

सरांची संधी हुकली, नवे हेडमास्तर दुसऱ्या शाळेतून आले. मी आठवडाभर सरांना तोंड दाखवलं नाही. शेवटी गेले आणि ढसाढसा रडत कबूल केलं.

"मला तेव्हाच कळलं होतं," सर म्हणाले. "पोरं डस्टर टेबलावर टाकतात. तुम्ही एकट्याच खिळ्याला अडकवता." मग म्हणाले, "माया केलीत, बाई. पन पुसलं म्हंजी समजलं, आसं न्हाई."

ते साध्या मास्तराच्या पदावरून निवृत्त झाले आणि सोनईला गेले. मी पुढं जन्मभर माझ्या फळ्याचा कोपरा राखला. गणितातही न येणारं पुष्कळ असतं.

बऱ्याच वर्षांनी सर गेल्याचं कळलं. काकूंना भेटायला सोनईला निघाले, तर पुण्यात कॉलेजात असलेली माझी मुलगी सोबत आली. गाडीत तिला सगळं सांगितलं. ऐकून ती म्हणाली, "आई, कसले कूल होते गं तुझे सर!"

मी दचकलेच. "कूल म्हणजे नेमके कसे?"

तिनं पुष्कळ विचार केला. "माहीत नाही गं. पण होते."

सरांच्या पडवीत एक छोटा फळा होता. शेजारची पोरं शिकायला यायची म्हणे. फळा कोरा, फक्त उजव्या कोपऱ्यात चौकट आणि तो शब्द. अक्षर थरथरतं, पण सरांचंच. काकू पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "तेवढं कुनाला पुसू दिलं न्हाई बघ. आता तूच पुस, बाई."

त्यांनी डस्टर माझ्या हातात दिलं. मी सरांचं अक्षर पाहून घेतलं आणि डस्टर खिळ्याला अडकवून ठेवलं.