दोन चिंचोक्यांच्या चार तऱ्हा

लहानपणी मी फार भांडकुदळ होते. सौंसरला आईबाबा दोघंही सरकारी शाळांत शिकवत. बाबांचा विषय गणित, त्यामुळे घरात वाद घालायला माणूस आयताच मिळे.

एका रविवारी आम्ही ओसरीवर चिंचोके खेळत होतो. एक मोठा, एक लहान. दोन्ही एका बाजूने दगडावर घासून पांढरे केलेले. बाबांनी विचारलं, "दोन्ही फेकले तं कितीक तऱ्हेनं पडतीन?"

"तीन. दोन्ही पांढरे, दोन्ही काळे, नाहीतं एक पांढरा, एक काळा."

"चार," बाबा म्हणाले. "मोठा पांढरा अन् लहान काळा, हे एक. लहान पांढरा अन् मोठा काळा, हे दुसरं."

"थे तं एकच झालं न."

"तुले दोन्ही चिंचोके सारखेच दिसून राहिले, म्हणून."

मी पाटीवर रेघा मारत कितीतरी वेळ फेकत बसले. एक काळा, एक पांढरा, असंच जास्त वेळा पडत होतं. पण हार मानेन तर मी कसली! चिंचोकेच वाकडे आहेत, असं सांगून मोकळी झाले.

त्याच सुमारास राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्य प्रदेशातच राहिलो. सरकारी नोकरांची वाटणी व्हायची होती. कोण इथे राहणार, कोण तिकडे जाणार, ते हुकूम आल्यावर कळणार होतं. मी मनात मोजलं. दोघं इथे, दोघं तिकडे, नाहीतर एक इथे, एक तिकडे. त्या तिसऱ्याची मला फार भीती वाटायची.

तेच झालं. आईला सौंसर, बाबांना यवतमाळ. ऐकल्याबरोबर माझ्या मनात आलं, आई राहिली, सुटले. आणि मग समोर बसलेले बाबा दिसले. माझी मलाच इतकी लाज वाटली, की दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही.

ते निघाले त्या सकाळी ट्रंक मोटारीच्या टपावर चढली, तेव्हा मी कशीबशी म्हणाले, "बाबा, चिंचोक्यायच्या तऱ्हा चारच असतेत."

पुढे मला रडूच आलं. बाबांनी माझी सुटलेली रिबीन बांधून दिली.

"तुह्या मनात काय आलं, मले मालूम हाये," ते हळूच म्हणाले. "दोघायले इथं ठेवत नसन, तं तुही आई तुह्यापाशी राहो, हेच मी देवाले मागून राहिलो होतो."