पाहुणा यायचाय

पत्ते हातात आले की शेजारच्या खाला पत्त्यांच्या पाठीवर नखानं टकटक करायच्या आणि म्हणायच्या, "पाहुणा यायचाय, आला नाय अजून. भाकरी किती थापायच्या, ते बघून ठरव."

तुम्ही म्हणाल, चिकलठाण्याच्या कॉलनीत बायका पोकर खेळायच्या? खेळायच्या! खालांचे मियाँ आखातात स्वयंपाकी होते. सुट्टीवर आले तेव्हा त्यांनी बायकोला हा खेळ शिकवला आणि तिनं आम्हाला. दुपारची भांडी झाली की आम्ही चौघी चटईवर बसायचो. पैशाचं नाव काढायचं नाही, जुगार हराम. पैशाऐवजी चिंचोके.

एकदा हातातले दोन आणि चटईवर सगळ्यांसाठी उघडलेले दोन मिळून मला चार बदाम लागले. शेवटचा पत्ता, खालांचा तो पाहुणा, उघडायचा होता. तो बदाम निघाला तर डाव माझा. तेवढ्यात समोरच्या वहिनींनी बोली वाढवली. मध्ये वीस चिंचोके पडले होते आणि मला राहायला आणखी दहा लागत होते. मी धाडकन टाकले. आणि बदाम आला! मी टाळ्या पिटल्या.

"जिंकलीस, पण चुकलीस," खाला म्हणाल्या.

माझं डोकंच तापलं. "जिंकले तर चुकले कशी?"

"असा पत्ता पाचात एकदा येतो, बेटी. मधी वीस असताना चार मागितले, तर बस. दहा मागितले, तर ऊठ. पत्ता आल्यावर समोरची अजून ओतणार असंल, तर वायली गोष्ट."

वहिनी कसल्या ओततात! चटईवर तिसरा बदाम दिसला की त्या पत्ते टाकून पदर सावरायच्या.

पुढच्याच डावात खालांना पत्ता हवा होता. मागणी थोडी होती, म्हणून त्या बसल्या. पत्ता आला नाही. चिंचोके सरकवत त्या हसल्या, "हरले, पण चुकले नाय." हरूनही तोरा बघा बाईचा!

मग त्यांच्या पोटात गाठ निघाली. पैठणला दिलेल्या लेकीला कितीतरी वर्षांनी नुकतेच दिवस गेले होते. डॉक्टर म्हणाले, औषध कडक आहे, केस जातील, अंगात त्राण राहणार नाही आणि गुण येईल तो पाचातल्या एखादीलाच. मी सोबत होते. बाहेर आल्यावर म्हटलं, "खाला, नका हो हाल करून घेऊ. ऊठ म्हणायला तुम्हीच शिकवलंत ना?"

"अगं, मागतायत काय? केस अन् थोडी ताकद. मेंदीचा ताप वाचला. अन् मधी काय पडलंय ते बघ की! नातवंड हाय." त्यांनी बाकावर नखानं टकटक केली. "बसले मी."

पत्ता आला नाही. लेक बाळंत व्हायच्या आधीच खाला गेल्या. शेवटच्या भेटीत मी डॉक्टरांवर, औषधावर, देवावरसुद्धा चिडले होते. टकलावरची ओढणी सारखी करत त्या पुटपुटल्या, "रागावू नको. हरले, पण चुकले नाय." मी ढसाढसा रडले.

पुढं लेक बाळाला घेऊन आली. मुलगी. तिला आम्ही चटईवर खालांच्या जागी निजवलं आणि पत्ते वाटले. मला चार बदाम लागले. वहिनींनी बोली वाढवली. मध्ये काय पडलंय, मागणी किती, ते मी नीट पाहिलं, पत्त्यांवर नखानं टकटक केली आणि बसले.

पाचवा बदाम आला का, ते मात्र विचारू नका.