पेटीवाले चाचा आणि दुसरं पिस्तूल

चाचांकडे प्रत्येक वस्तू दोन असायची. स्क्रूड्रायव्हरचे संच दोन, छर्ऱ्यांचे डबे दोन, पिस्तुलाला लागणाऱ्या हवेच्या नळ्या दोन. पाठीवर नंबर लावायच्या सेफ्टी पिना दोन पुड्या. प्रत्येक खेळाडूच्या आधार कार्डाच्या झेरॉक्सही दोन-दोन. हे सगळं एका पत्र्याच्या निळ्या पेटीत भरून ते नेमबाजीच्या स्पर्धेला येत. रेंजवर त्यांचं खरं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. सगळे त्यांना पेटीवाले चाचा म्हणत.

एकदा गाडीत एका मुलीनं विचारलं, "चाचा, चाचीपण दोन हायेत काय?"

"एकच हाय," चाचा म्हणाले. "आन् तिचे पार्ट कंपनीनं बंद केलेत. म्हणून जपून वापरतो."

चाची गुडघ्यांनी बेजार होत्या. हा विनोद चाचा त्यांच्यासमोरही करत आणि त्याबद्दल बोलणी खात.

चाचा मूळचे बावड्याचे. इंदापुरात त्यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. नेमबाजीशी त्यांचा संबंध योगायोगानं आला. बारामतीतल्या आमच्या रेंजवरचं एक एअर पिस्तूल बंद पडलं. पुण्याला पाठवलं तर महिना जाणार होता. आमचे सर ते फडक्यात गुंडाळून चाचांच्या दुकानात घेऊन गेले. चाचांनी अगोदर हात लावायला नकार दिला. मग हे हवेवर चालतं, छर्रा कागद फाडतो, माणूस मारत नाही, अशी खात्री करून घेतली आणि दुपारपर्यंत ते दुरुस्त केलं. त्यानंतर दर रविवारी ते एसटीनं बारामतीला येऊ लागले. हा क्रम गेल्या हिवाळ्यात ते वारले तोपर्यंत सुरू होता.

नव्या मुलांना त्यांचा पहिला धडा तेलाचा असे. पिस्तूल चकचकीत दिसावं म्हणून मुलं त्यात तेल सोडत. चाचा ते पुसून काढत आणि म्हणत, "मशीन काय, पिस्तूल काय, कोरडेपणानं कमी बिघडतं. लाडानं जास्त बिघडतं."

स्पर्धेच्या आदल्या दिवशी त्यांचा एक नियम असे. प्रत्येकानं बदली पिस्तुलातून दहा छर्रे मारायचेच. मुलं कंटाळत. आपलं पिस्तूल हातात बसलेलं असताना दुसऱ्यावर वेळ का घालवायचा, असं त्यांना वाटे. चाचा ऐकत नसत. "ऐन टायमाला वळख करून घ्यायची नसती. आजच रामराम करून ठेव." नेमबाजाच्या पिस्तुलाची लाकडी मूठ त्याच्या हाताच्या मापानं तासलेली असते. चाचांनी इंदापूरच्या एका सुताराकडून काही मुलांच्या मुठी बदली पिस्तुलासाठी शिसवात दुसऱ्यांदा करून घेतल्या होत्या. वरकुट्याच्या अश्विनीची त्यांत होती.

अश्विनी आमच्यातली सर्वांत चांगली नेमबाज. तिचे वडील गावातल्या दूध संकलन केंद्रावर काम करत. ज्युनिअर गटातलं तिचं ते शेवटचं वर्ष होतं. राज्य स्पर्धेत पात्रतेचे गुण मिळाले तर त्या गटात राष्ट्रीय स्पर्धा खेळायला मिळणार होती. नाहीतर पुढच्या वर्षापासून थेट मोठ्यांच्या गटात, जिथे पात्रतेचा आकडा आणखी वर होता.

स्पर्धेत वापरायचं प्रत्येक पिस्तूल आधी तपासणीत पास व्हावं लागतं. ट्रिगरला पाचशे ग्रॅमचं वजन अडकवून पिस्तूल उचलतात. वजन उचलण्याआधीच ट्रिगर सुटला तर पिस्तूल नापास. पास झालं तर त्यावर स्टिकर लागतो. आदल्या दिवशी चाचांनी आमची सगळी पिस्तुलं पास करून घेतली आणि बदलीचं घेऊन पुन्हा रांगेत उभे राहिले. तेवढ्यात दुसऱ्या जिल्ह्याचे एक प्रशिक्षक त्यांना शोधत आले. त्यांच्या खेळाडूच्या पिस्तुलातून हवा गळत होती. चाचा रांग सोडून पायरीवर बसले, पेटी उघडली, रबराची रिंग बदलून दिली. उठले तेव्हा तपासणीची खिडकी बंद झाली होती.

"सकाळी करू," ते सरांना म्हणाले. सकाळी फेऱ्यांच्या गडबडीत ते राहून गेलं.

माझी फेरी आधी झाली होती. मी अश्विनीच्या मागे, दोरीच्या अलीकडे उभा होतो. साठपैकी अडतीस छर्रे मारून झाले आणि तिनं हात वर केला. पिस्तुलातून फुसफुस आवाज येत होता. नळी बदलली, तरी आवाज थांबेना. गळती आत होती. पंचांनी पिस्तूल बदलायला परवानगी दिली. चाचा बदली पिस्तूल घेऊन पुढे आले. पंचांनी ते उलटसुलट करून पाहिलं.

"स्टिकर कुठंय?"

"काल ऱ्हायलं, साहेब."

"मग तपासून आणा. पंधरा मिनिटं आहेत."

तपासणीची खोली मैदानापलीकडच्या इमारतीत होती. साठी ओलांडलेले चाचा पळत निघाले, मी मागोमाग. तिथल्या अधिकाऱ्यानं वजन लावलं. ट्रिगर लगेच सुटला. चाचांच्या चेहऱ्यावरून दिसलं की कारण त्यांना माहीत आहे. महिन्याभरापूर्वी रेंजवर आलेल्या नवशिक्यांची बोटं दुखू नयेत म्हणून त्यांनीच तो हलका केला होता. त्यांनी स्क्रू आवळला. ट्रिगर पुन्हा सुटला. आणखी अर्धा फेरा आवळला. तिसऱ्या वेळी वजन उचललं गेलं. आम्ही परत पोचलो तेव्हा दोन मिनिटं शिल्लक होती. चाचांना धाप लागली होती. त्यांनी शिसवाची मूठ चढवून पिस्तूल अश्विनीच्या हातात दिलं आणि मागे येऊन जमिनीवरच बसले.

उरलेले बावीस छर्रे तिनं त्यातून मारले. पात्रतेला दोन गुण कमी पडले.

परतीच्या प्रवासात चाचा गाडीच्या मागच्या सीटवर पेटी मांडीवर घेऊन बसले होते. कुणी त्यांना दोष दिला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला फोन केला. "वरकुट्याला जायाचं हाय. तू चल. तू तितं हुतास." मी गेलो.

अश्विनीचे वडील ओसरीवर होते. चाचांनी पाणीही घेतलं नाही. उभ्यानंच बोलले.

"आबा, पोरीचं वर्ष माझ्या हातनं गेलं. पिस्तूल तपासून घ्यायचं माझं काम हुतं. मी दुसऱ्याचं काम करत बसलो."

"बसा तरी चाचा. खेळात हुतं आसं."

"खेळात न्हाय, माझ्यात झालं."

अश्विनी दारात उभी होती. ती म्हणाली, "चाचा, शेवटच्या चारात दोनदा दहाऐवजी आठ लागले. ते मी घाई केली म्हणून. पिस्तूल बराबर हुतं."

"घाई का झाली तुला?"

ती चहा टाकायला आत वळू लागली.

"मग झालं की. तुझं तू बघ. माझं माझ्याकडं ऱ्हाऊ दे." त्यानंतर ते बसले आणि चहा घेतला.

दुसऱ्याचं काम करणं चाचा बंद करतील, असा माझा अंदाज होता. तसं झालं नाही. बदल एवढाच झाला की पुढच्या वर्षी राज्य स्पर्धेत तपासणीची खिडकी उघडण्याच्या दीड तास आधी ते रांगेत पहिले उभे होते. आधी बदलीची पिस्तुलं पास करून घेतली, मग नेहमीची. कुणी हाक मारली तर म्हणत, "तितंच थांबा. माझं झालं की येतो."

अश्विनी त्या वर्षी मोठ्यांच्या गटात खेळत होती. तिची फेरी चालू असताना चाचा आत आले नाहीत. बाहेर लिंबाखाली कुठल्याशा अनोळखी मुलाचं पिस्तूल उघडून बसले होते. आत बसवत नाही, असं त्यांनी सरांना सांगितलं होतं. निकाल लागला. पात्रतेपेक्षा तिला तीन गुण जास्त होते. ती धावत बाहेर आली. मी तिच्या मागे होतो.

"चाचा, झालं! नॅशनल!"

चाचांनी मान वर केली. तोंडात एक बारीक स्क्रू धरला होता, तो काढून तळहातावर घेतला.

"पयलं चाललं का दुसरं काढावं लागलं?"

"पयलंच चाललं."

"शेवटपर्यंत?"

"व्हय, शेवटपर्यंत."

त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, मग चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला. पुसायला त्यांना बराच वेळ लागला. समोरचा मुलगा घड्याळाकडे बघत ताटकळला होता.

"चाचा, माझा नंबर लागंल आता," तो म्हणाला.

"व्हय, व्हय," चाचा म्हणाले, आणि पुन्हा त्याच्या पिस्तुलावर वाकले.