साहेबांचे वकील आजोबा

"कर्णिक, हा पॅरा काढून टाक," साहेब म्हणाले.

कुवेतला मीना अल-अहमदी बंदरावरच्या एका कॉन्ट्रॅक्टर कंपनीत मी पर्सोनेल मॅनेजरचा स्टेनो होतो. साहेब बोलणार, मी शॉर्टहँडच्या खुणांत उतरवणार, मग टाइप करणार. त्या आठवड्यात ऑफिसचं काम बाजूला पडलं होतं. आमच्या अमेरिकन साहेबांना क्लबच्या डिनरला आपल्या आजोबांवर भाषण करायचं होतं.

आजोबा एकोणिसाव्या शतकातले वकील. खाणीत जायबंदी झालेल्या मजुरांचे खटले ते फी न घेता लढले. त्या नावावर निवडून आले, आणि विधिमंडळात गेल्यावर मजुरांना मालकावर दावाच लावता येऊ नये अशा कायद्याला मत देऊन मोकळे झाले. काढायचा पॅरा तो हा. लोक जेवायला येतात, इतिहास शिकायला नाही, असं साहेबांनी मला समजावलं. म्हणजे आजोबा अर्धेच वाढायचे होते.

त्याच सकाळी दाऊद मुकादम दारात येऊन उभा राहिला. रत्नागिरीकडचा रिगर, म्हणजे साखळदंड लावून अवजड सामान उचलणारा. जेट्टीवर साखळी सुटून त्याचा उजवा हात चिरडला होता. कंपनी त्याला पुढच्या बोटीनं घरी धाडणार होती. टूल-रूममध्ये हत्यारं देण्या-घेण्याचं काम द्या, एवढंच त्याचं म्हणणं. ते एका हातानं जमण्यासारखं होतं. साहेबांनी मान वर न करता नियम सांगितला: ज्या कामावर भरती, तेच काम, नाहीतर परत. आणि ते पुन्हा आजोबांच्या कनवाळूपणाकडे वळले.

बाहेर दाऊद मला म्हणाला, "कर्णिकभाऊ, गावाला जाऊन या हातानं काय करू? वल्हं पण धरता यायचं नाय."

मला साहेबांची किळस आली. पण माझ्या किळसेनं दाऊदचं जाणं थांबणार नव्हतं. माणुसकीचं बोलून उपयोग नव्हता, म्हणून मी आत जाऊन भाषणाचं बोललो.

"सर, शेवट फिका पडतोय. आजोबांनी केलं ते ठीक. नातवानं काय केलं, असं लोक विचारतील."

साहेबांनी टाय चाचपला. मग म्हणाले, "तो मघाचा माणूस गेला का?"

दाऊद टूल-रूमला लागला. डिनरला साहेबांनी त्याला इस्त्रीच्या कपड्यांत स्टेजवर उभं केलं, त्याचा हात सगळ्यांना दाखवला आणि न्याय आपल्या रक्तातच आहे, असं सांगितलं. टाळ्या पडल्या. एक-दोन मॅडमनी डोळेसुद्धा पुसले. दाऊद जमिनीकडे बघत होता.

त्यानंतर साहेबांनी त्याला कधी ओळख दिली नाही. त्याची नोकरी मात्र टिकली.

असल्या माणसांकडे न्याय मागू नये. त्यांना मिरवायला काहीतरी द्यावं, आणि त्यात आपलं काम उरकून घ्यावं.