एकादशीची कढई

आमच्या घरात खाण्याचं खातं माझ्याकडे आहे. ते मला कुणी दिलेलं नाही, पोटाचा घेर बघून आपोआप आलं. लग्नाचा हॉल बघायला गेलो तर बाकीचे लोक पार्किंग बघतात आणि मी आचारी. त्यामुळे धाकटी बहीण उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याहून जबलपूरला येणार आणि शहराबाहेरच्या थीम पार्कात आपण दोन दिवस राहायला जायचं, असं ठरलं तेव्हा पाळणे, घसरगुंड्या सगळं बायकांनी वाटून घेतलं आणि रेस्टॉरंटं माझ्या वाट्याला आली. एरवी मी नाचलो असतो. या वेळी रात्रीची झोप उडाली.

कारण भाची. आठ वर्षांची, दोन वेण्यांची, बडबडी. तिला शेंगदाणा चालत नाही. चालत नाही म्हणजे आवडत नाही असं नव्हे. चार वर्षांची असताना शेजारच्या मुलीच्या वाढदिवसाला चिक्कीचा एक तुकडा तोंडात गेला आणि थोड्या वेळात तिचे ओठ सुजले, श्वास अडकला, अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं. तेव्हापासून ती घराबाहेर फक्त घरच्या डब्यातलं खाते. लग्नाच्या पंगतीत डबा, सहलीत डबा, मैत्रिणीकडे डबा.

फोनवर तिने मला हळू आवाजात सांगितलं होतं, "मामा, मला एकदा मेन्यू कार्ड बघून ऑर्डर द्यायचीये. स्वतः. आईने नाही, मी."

मागून बहिणीने फोन ओढून घेतला. "दादा, उगाच लाड नकोत हं. मी डबे घेऊन येतेय."

"तू ये तर खरी. मी बघतो," मी म्हणालो.

मी ‘बघतो’ म्हटलं की आमच्याकडे बायको कपाळाला हात लावते. या वेळीही लावला. पण तयारी तिनेच केली. मराठी घरातून शेंगदाणा काढणं म्हणजे भिंतीतून विटा काढण्यासारखं आहे. भाजीत कूट, कोशिंबिरीत कूट, चटणीत तर तोच. तिने कुटाचा डबा शेजारी देऊन टाकला, मिक्सरचं भांडं तीनदा घासलं आणि म्हणाली, "आता आठ दिवस भाजी कशाच्या भरोशावर खाणार आहात, ते पण बघा."

मी खरोखरच बघायला गेलो. आठवडाभर आधी, एकटाच, तिकीट काढून. पन्नाशीचा एक टकला माणूस एकटाच थीम पार्कात शिरतो आणि कुठल्याच पाळण्याकडे न बघता सरळ स्वयंपाकघरांच्या मागच्या दारांकडे जातो, हे बघून रखवालदार बराच वेळ माझ्या मागे फिरत होता.

तिथे पहिलं रेस्टॉरंट गुहेत होतं. आत मिट्ट काळोख, भिंतीवर प्लास्टिकची वटवाघळं. पोरीला भारी आवडलं असतं, पण जिथे ताटातलं दिसत नाही तिथे मी तिला कसा बसवणार? दुसरं झाडावर होतं. शिडीने वर गेलो, धापा टाकत बसलो, आणि समोरच्या टेबलावरच्या नूडल्सवर भाजलेले दाणे भुरभुरलेले दिसले. तसाच खाली उतरलो. तिसरं रेल्वेच्या डब्यात होतं. लाकडी बाकं, खिडक्या, आणि खिडक्यांच्या कडेने एक छोटी आगगाडी शिट्टी मारत फिरायची. तुम्ही मागवलेलं जेवण त्या गाडीच्या वाघिणीत, म्हणजे मालाच्या डब्यात, बसून तुमच्या टेबलापुढे येऊन थांबायचं. हे बघून माझंच वय आठ झालं.

आचाऱ्याला भेटलो. सगळं सांगितलं. तो भला माणूस होता, गमतीवारी न नेता ऐकत होता.

"मूंगफली तो हमारे यहाँ आती ही नहीं साहब," तो म्हणाला. "तेल सोयाबीन का. आप डिब्बे देख लो."

मी डबे उघडले. मसाले हुंगले. तळणीच्या कढईत वाकून बघितलं. फक्त बटाट्याच्या फिंगर चिप्स तळल्या जात होत्या. घरी येऊन बहिणीला तासभर पटवलं आणि शेवटी ती म्हणाली, "बरं. पण इंजेक्शन तुझ्या कमरेला राहील. मी पाण्यात असणार, तू काही पाण्यात उतरत नाहीस."

ते परदेशातून मागवलेलं पेनासारखं इंजेक्शन. तिने मला सुई नसलेल्या सरावाच्या पेनावर शिकवलं, माझ्याच मांडीवर. "जोरात, दादा! पोस्टात सही करायला आलायस का?" मी हसलो आणि पुन्हा दाबलं, जोरात.

तर तो दिवस. सकाळपासून माझी एकादशी होती. मी एकादशी करतो ती भक्तीपेक्षा दुप्पट खाशीच्या मोहाने, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. पण या वेळी साबुदाणा बंद, कारण कूट बंद. मी दोन केळी खाऊन पुण्यवान चेहऱ्याने काठावर बसलो होतो. दुपारी तिघी पाण्यातून बाहेर आल्या. भाचीचे कपडे लगेच बदलून झाले. बायकोपुढे आणि बहिणीपुढे कपडे बदलण्याच्या खोलीची मोठी रांग होती.

"तुम्ही जाऊन जागा धरा," बायको म्हणाली. "नाहीतरी ही उपाशी कुरकुर करून राहिली."

आम्ही आगगाडीच्या डब्यात खिडकीशी बसलो. भाचीने मेन्यू कार्ड दोन्ही हातांनी धरलं, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं, किमतीसकट. मग वेटरला म्हणाली, "भैया, एक फिंगर चिप्स. और एक नींबू पानी. और मामा के लिए कुछ नहीं, उनका फास्ट है." वेटरने वाकून "जी दीदी" म्हटलं. त्या ‘दीदी’ने तिची मान बोटभर वर गेली.

गाडी आली. शिट्टी वाजली. वाघिणीत चिप्सची प्लेट. तिने एक चिप उचलली, माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. तिने खाल्ली. मग आणखी दोन.

गाडी पुढच्या टेबलाकडे निघाली आणि माझी नजर नेहमीच्या सवयीने तिच्या दुसऱ्या वाघिणीवर गेली. तिथे सोनेरी, टम्म फुगलेले साबुदाणा वडे होते. सांगायला लाज वाटते, पण सगळ्यात आधी माझ्या तोंडाला पाणी सुटलं. मी वेटरला हाक मारली, "ये कबसे रखने लगे भाई?"

"आज ग्यारस है ना साहब. फलाहारी थाली सिर्फ आज के दिन."

ग्यारस म्हणजे इकडे एकादशी. मी स्वतः सकाळपासून उपाशी बसलेला माणूस. सगळ्या गावाची एकादशी असेल, त्या दिवशी स्वयंपाकघर बदलत असेल, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी आलो होतो तो साधा मंगळवार होता.

"वड़े में मूंगफली?"

"बिना मूंगफली के कैसे बनेगा साहब?"

"कढाई?"

त्याने आत बघितलं. त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं, वडे आणि चिप्स एकाच कढईत.

मी प्लेट ओढून घेतली. भाची म्हणाली, "मामा, काय झालं?" मी म्हणालो, "काही नाही, तोंड धू." तोंड धुऊन काय होतंय? पण डोकं तेवढंच चाललं. मी बहिणीला फोन लावला; तो अर्थातच लॉकरमध्ये वाजत असणार. वेटरला म्हणालो, "लेडीज चेंजिंग रूम, लाल कुर्ता, दौड़ो," आणि तो खरंच धावला.

मग मी तिच्याकडे बघत बसलो. तिच्या ओठांकडे. आयुष्यात मी इतकं लक्ष देऊन काहीच बघितलेलं नाही. डब्यातले पंखे फिरत होते, गाडी शिट्टी मारत फिरत होती, पलीकडचं कुटुंब वडे चटणीत बुडवत होतं.

"मामा, जिभेला खाज येतेय."

 वाटलं, भीतीनेच असेल, माझ्या तोंडाकडे बघून घाबरली असेल. मग तिच्या हनुवटीवर एक लाल चट्टा आला. गळ्यावर दुसरा. ती खोकली. परत खोकली. खोकल्याचा आवाज बदलला, कुणीतरी आतून दार लोटल्यासारखा.

कमरेच्या पिशवीची चेन उघडेना.  बहिणीचं ‘जोरात, दादा!’ कानात, आणि तरी मनात चाललेलं: चुकलं तर? गरज नसली तर? आई आली की तिलाच करू दे. ती दारात पोचेपर्यंत थांबू का? भाचीने माझी बाही धरली. ती बोलत नव्हती. इतका वेळ बडबडणारी मुलगी बोलत नव्हती, हे बघितलं आणि मी टोपण काढून पेन तिच्या मांडीवर पँटवरूनच दाबलं. खट्ट झालं. शिकवलं होतं तेवढा वेळ दाबून धरलं. तिला बाकावर आडवी केली, पाय माझ्या मांडीवर उचलून घेतले. 

बहीण ओल्या केसांनी धावत आली.  फक्त "दिलंस?" म्हणाली. मी मान हलवली. बायको मागून आली आणि पार्कची गाडी मागवायला ओरडत गेली. हिंदी, मराठी, काय सुचेल ते. शहराकडे येताना रस्ताभर बहीण मुलीशी बोलत होती आणि मी पुढच्या सीटवर बसून मागचा प्रत्येक श्वास मोजत होतो. एक श्वास जरा उशिरा आला की माझा थांबायचा.

दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं, सलाईन लावलं, एक रात्र ठेवून घेतलं, कारण अशी लाट परत येऊ शकते. नाही आली. "इंजेक्शन वेळेवर दिलं," एवढंच ते म्हणाले. बहीण माझ्यावर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी घरी आलो. आणि मग खरी भीती सुरू झाली. भाची जेवेना. बायकोने वरणभात केला. ती ताटाकडे बघून विचारी, "मामी, हे कुठल्या भांड्यातलं?" बहिणीने पोळी केली. "तव्यावर आधी काय होतं?" दूध नको, बिस्किट नको. संध्याकाळपर्यंत ती फक्त पाणी प्यायली. कालपर्यंत मेन्यू कार्डाची स्वप्नं बघणारी पोर आता आईच्या हातच्या घासालाही घाबरत होती, आणि हे मी केलं होतं असं कुणी म्हणत नसल्यामुळे घरभर तेच ऐकू येत होतं.

काळोख पडायच्या सुमारास ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मी एकटाच होतो.

"मामा, तेल लागत नाही असं काय असतं?"

मला काहीच सुचेना. मी, खातेप्रमुख. मग फळीवर नजर गेली. "पापड. नुसता आगीवर."

"पाकीट दाखव."

मी नवं, बंद पाकीट तिच्या हातात दिलं. तिने सगळं वाचलं: उडीद, मीठ, मिरी, हिंग. मग तिने मला गॅस पेटवायला लावला, चिमटा धुवायला लावला, पुन्हा धुवायला लावला. मी पापड ज्योतीवर फिरवला. तो फुलला, कडेला थोडा जळला. ताटलीत ठेवला.

तिने तो उचलला नाही. माझ्याकडे बघत राहिली.

"काय झालं गं?"

"तू माझ्या ओठांकडे बघतोयस. तू बघितलं की मला भीती वाटते."

मग मी तिच्याकडे पाठ केली आणि ओट्याला दोन्ही हात टेकून, भिंतीच्या टाइलकडे तोंड करून उभा राहिलो.  मान वळवायची नाही, नाही, असं मी स्वतःला बजावत होतो. मग मागून पापड मोडल्याचा आवाज आला. चावल्याचा. गिळल्याचा नाही, गिळल्याचा आवाज कुठे येतो? मी कान टवकारून पुढच्या तुकड्याची वाट बघत राहिलो.

"बघू नकोस हं अजून," ती भरल्या तोंडाने म्हणाली.